खरेदीखात्यातला माणूस सहल विकत घेतो

चाकणच्या रस्त्याला लागलं की परदेश फार लांब वाटत नाही. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कारखाने इथे २००९ मध्ये सुरू झाले. जपानची ब्रिजस्टोन पुढे आली, आणि चिंचवडला स्वीडनची एसकेएफ तर साठच्या दशकापासून बेअरिंग बनवते आहे. त्यामुळे मोशी-प्राधिकरणातल्या सोसायट्यांत स्टुटगार्ट किंवा वोल्फ्सबुर्ग ही नावं भूगोलाच्या पुस्तकातून येत नाहीत. ती येतात मशीनच्या ट्रायलसाठी जाऊन आलेल्या शेजाऱ्याकडून, नाहीतर डेप्युटेशनवर असलेल्या भाच्याच्या व्हिडिओ कॉलवरून. 'मामा, या एकदा, राहायची सोय माझ्याकडे,' एवढं एक वाक्य पुरतं. त्या रात्री घरात युरोपचा विषय निघतो, तो मग मिटत नाही.

तिकडे आपलं कुणीतरी आहे, या भावनेवर इथल्या माणसाचं प्रवासाचं स्वप्न उभं असतं. सहली विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांचं उदाहरण घेऊ. कामावर हा माणूस कमालीचा चिकट. तीन कोटेशन आल्याशिवाय साधा ड्रिल बिट घ्यायचा नाही, पर्चेस ऑर्डरवर एकही ओळ मोघम ठेवायची नाही, आलेला माल तपासून झाल्याशिवाय बिल अकाउंट्सकडे जाऊ द्यायचं नाही. रविवारी (एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून त्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती) ते मॉलमध्ये गेले. तिथे एका स्टॉलवर बायकोने लकी ड्रॉचं कुपन भरलं. चौथ्या दिवशी फोन आला: 'सर, अभिनंदन, तुम्हाला तीन दिवस दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर लागलंय. फक्त मॅडमना सोबत घेऊन या.'

मॅडमना सोबत आणण्यामागे हिशेब असतो. 'घरी विचारून सांगतो' ही मराठी माणसाची सर्वांत भक्कम पळवाट, ती तिथेच बंद होते. हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात गाणी, शेजारच्या टेबलावर कुणीतरी 'मेंबर' झाल्याच्या टाळ्या, समोर गोड बोलणारा मुलगा. त्याने पहिल्या दहा मिनिटांत या गृहस्थांच्या जर्मनीतल्या भाच्याची माहिती काढून घेतली आणि पुढचे दोन तास त्या भाच्याच्याच नावाने सदस्यत्व विकलं. वर्षाला एक आठवडा, अनेक वर्षं, भारतात कुठेही आणि 'एक्स्चेंज'मध्ये युरोपातसुद्धा. किंमत मात्र आजच्यापुरती. कार्ड स्वाइप झालं, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधले गेले, आणि बारीक अक्षरांतला करार घरी गेल्यावर फायलीत गेला.

पुढचं सगळं त्या कराराच्या मागच्या पानांवर होतंच. दिवाळी आणि मे महिना 'पीक सीझन', तेव्हाच्या खोल्या उपलब्धतेनुसार. वार्षिक देखभाल शुल्क वेगळं, ते वाढवण्याचा अधिकार कंपनीला, आणि गेलं नाही तरी भरायचं. परदेशातल्या अदलाबदलीला वेगळी फी, विमानाचं तिकीट अर्थातच स्वतःचं. तोंडी सांगितलेल्या एकाही गोष्टीचा करारात पत्ता नव्हता, उलट तोंडी आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत असं एक कलम होतं. सही केल्यापासून ठरावीक दिवसांत करार रद्द करून पैसे परत मागण्याची मुभाही त्यातच छापलेली होती. ती मुदत उलटून गेल्यावर ते कलम वाचलं गेलं.

अशा सौद्यांचा सर्वांत मोठा धडा पिंपरी-चिंचवडपासून नदीपलीकडेच आहे. बाणेरमध्ये आजही पॅनकार्ड क्लब रोड या नावाचा रस्ता आहे. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातल्या 'रूम नाइट्स' आगाऊ विकल्या आणि सोबत सांगितलं, की मुक्काम वापरला नाही तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल. म्हणजे वरून सहल, आतून ठेव. सेबीने जुलै २०१४ मध्ये अंतरिम आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अंतिम आदेश काढला. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, लोकांचे पैसे परत करा, असं त्यात बजावलं होतं. रक्कम होती ७,०३५ कोटी रुपये आणि गुंतवणूकदार ५१ लाखांहून अधिक. पुढे मालमत्तांचे लिलाव, कोर्टकचेऱ्या, मोर्चे यांत वर्षं गेली. योजना पसरली ती जाहिरातींपेक्षा एजंटांच्या ओळखीपाळखीवर. हप्ता घ्यायला येणारा माणूस नात्यातला किंवा शेजारचा असायचा, आणि त्याने स्वतःचेही पैसे त्यातच घातलेले असायचे. तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत होता.

प्रत्येक नुकसान फसवणुकीतूनच होतं असंही नाही. जेट एअरवेजने डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याहून सिंगापूरला थेट विमान सुरू केलं, तेव्हा मुंबई गाठायचा त्रास वाचला म्हणून इकडच्या लोकांना आनंद झाला. १७ एप्रिल २०१९ ला कंपनीची सगळीच उड्डाणं थांबली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. गो फर्स्टची विमानं ३ मे २०२३ पासून, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत, जमिनीवर आली. कंपनी अशी बुडाली की प्रवासी हा धनकोंच्या रांगेत तारण घेऊन बसलेल्या बँकांच्या बराच मागे उभा राहतो. म्हणून मोठी रक्कम क्रेडिट कार्डाने भरणं शहाणपणाचं ठरतं. सेवा मिळालीच नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची मागणी करता येते. रोखीने किंवा कुणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर दिलेल्या पैशाला ती सोय नाही.

आता भाच्याकडे वळू. त्याचं घर फुकट आहे, व्हिसा फुकट नाही. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, आणि व्हिसा केंद्राची सेवाफी त्यावर वेगळी. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. भाच्याचं निमंत्रणपत्र उपयोगी पडतं, पण दूतावास पाहतो तो मामांचा पगार, बँकेचा उतारा, आयकर विवरणपत्र आणि कंपनीने दिलेलं रजेचं पत्र. माणूस परत येईल का, हा त्यांचा खरा प्रश्न. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नये. अर्जाला आरक्षण दाखवावं लागतं, ते रद्द करता येण्याजोगं असलं तरी चालतं.

भाच्याच्या बाजूचाही विचार हवा. पाहुण्यांचा सगळा खर्च उचलण्याची औपचारिक हमी जर्मनीत सरकारी कार्यालयात जाऊन लिहून द्यावी लागते आणि ती कायद्याने बांधणारी असते. मामांना तिकडे रुग्णालयात ठेवावं लागलं आणि विमा अपुरा पडला, तर सरकार भाच्याकडे वसुलीला येऊ शकतं. आपला खर्च आपण दाखवावा आणि त्याच्याकडे फक्त राहावं, हे दोन्ही घरांना सुखाचं.

कारखान्यातली शिस्त सहलीला लावायची म्हणजे काय, हे त्या गृहस्थांनी नंतर एका कागदावर मांडलं आणि तो कागद सोसायटीत बराच फिरला. पहिली ओळ कोटेशनची: किमान दोन ठिकाणांहून लेखी दरपत्रक घ्यायचं, त्यात विमान कंपनी, हॉटेलचं नाव, जेवणं आणि व्हिसाफी धरली आहे की नाही हे स्पष्ट हवं. दुसरी करांची: परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, वसूल होतो. दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, तेव्हा त्या वर्षीचा दर विचारायचा. ही रक्कम पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते, तिचं प्रमाणपत्र मागून घेतलेलं बरं. तिसरी रद्द करण्याची: किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के कापणार, याचा तक्ता पैसे भरण्याआधी हातात हवा. चौथी ओळ त्यांनी लाल शाईने लिहिली होती: 'ऑफर आजच संपणार' असं ऐकलं की उठून घरी यायचं.

तरीही अडकलंच तर वाटा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तर येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनी दिल्लीची असो की गोव्याची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांची. सदस्यत्वाचा सौदा करताना मिळालेलं व्हाउचर, सेल्समनचे व्हॉट्सअॅप संदेश आणि कार्डाची पावती, हे सगळं त्या दिवसापासून जपून ठेवलेलं असेल तर तक्रारीला वजन येतं.

प्रवासाची वेळ इथे बहुतेकांची ठरलेली असते. मोठ्या कारखान्याचा दिवाळीचा शटडाउन लागला की व्हेंडरही शटर ओढतात, आणि सगळा पट्टा एकाच आठवड्यात तिकिटं शोधतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, म्हणजे दिवाळीसाठी उन्हाळ्यातच फाइल तयार ठेवता येईल. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने उरते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. या कामांत एमआयडीसीच्या लोकांना एक फायदा आहे, ज्याचा हेवा हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी करावा: त्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. बँक, पासपोर्ट सेवा केंद्र आणि व्हिसा केंद्र, तिन्ही त्या दिवशी उघडी असतात.