नवलाची गोष्ट वर्गात कशी सांगावी

भूगोलाच्या तासाला दूरदेशीच्या चमत्कारिक चालीरीती सांगितल्या म्हणजे मागच्या ओळीतील मुलेही सावरून बसतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. परंतु पुष्कळदा हा पाठ हशात सुरू होतो आणि हशातच संपतो. ‘ते लोक असे विचित्र’ एवढीच समजूत घेऊन मूल घरी जाते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगसारख्या गावी हा दोष विशेष जाणवतो. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील या भागात अनेक घरांतून कानडी बोलली जाते. परक्यांच्या रीतीला हसण्याची सवय लागलेला वर्ग शेजारच्या बाकावरील मुलाच्या उच्चारालाही हसू लागतो. आणि ज्याला हसतात ते मूल हळूहळू उत्तर देणेच सोडून देते.

उदाहरणादाखल उत्तर युरोपातील स्वीडन हा देश घ्यावा. नवलाच्या गोष्टी तेथे पुष्कळ आहेत. इसवी सन १७१२ मध्ये त्या देशात फेब्रुवारी महिन्याची ३० तारीख उजाडली होती, हे एकच वाक्य फळ्यावर लिहिले तरी वर्ग जागा होतो. हशा होऊ द्यावा, मात्र लगेच विचारावे, ‘का?’

कारण असे. युरोपात त्या काळी दोन पंचांगे चालत. जुने ज्यूलियन पंचांग सूर्याच्या गतीच्या मागे पडले होते, म्हणून बऱ्याच देशांनी सुधारलेले ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडत होते. ते एकदम तोडण्याऐवजी स्वीडनने सावकाश जाण्याचे ठरविले : १७०० पासून १७४० पर्यंतच्या प्रत्येक लीप वर्षातील जादा दिवस गाळावयाचा, म्हणजे चाळीस वर्षांत अकरा दिवस आपोआप भरून निघतील. योजना कागदावर सुरेख होती. १७०० साली एक दिवस गाळलाही गेला. परंतु पुढे देश युद्धात गुंतला आणि १७०४ व १७०८ ही वर्षे नेहमीसारखी लीप वर्षे म्हणूनच पाळली गेली. स्वीडनची तारीख आता ना जुन्या पंचांगाशी जुळे, ना नव्याशी. अखेर बाराव्या चार्ल्स राजाने जुन्या पंचांगाकडे परत फिरण्याचे ठरविले. गाळलेला दिवस परत घ्यावयाचा होता, म्हणून १७१२ च्या फेब्रुवारीत लीप वर्षाच्या २९ व्या दिवसावर आणखी एक दिवस वाढविण्यात आला. नवे पंचांग स्वीकारावयास १७५३ साल उजाडले. त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतरचा दिवस १ मार्च हा होता.

येथे पाठ थांबवू नये. वर्गात दिनदर्शिका असतेच. स्वीडनमधील एखाद्या मुलाने आपल्याला विचारले की तुमच्याकडे काही वर्षांत बाराऐवजी तेरा महिने कसे असतात, तर काय सांगाल, असा प्रश्न टाकावा. धोंड्याचा महिना मुलांना ठाऊक असतो. जावयाला धोंडे जेवण घालतात तेही ठाऊक असते. तो का येतो हे मात्र क्वचितच कोणी सांगितलेले असते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवस उरतात. (योगायोगाने येथेही आकडा अकराच आहे, पण कारण अगदी निराळे आहे, मुले घोटाळा करतात, तेव्हा ते स्पष्ट करावे.) पहिल्या वर्षासाठी ज्वारीचे अकरा दाणे पाटीवर मांडावेत, दुसऱ्यासाठी अकरा, तिसऱ्यासाठी अकरा. तिसरे वर्ष संपण्यापूर्वीच महिनाभराचे दाणे जमतात, आणि तेथेच अधिक मास येतो. सरासरी साडेबत्तीस महिन्यांचे अंतर असते, पण ते नेमके तसेच पडते असे नाही. २०२३ चा अधिक श्रावण आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ यांमधील महिने मुलांकडून मोजवून घ्यावेत. हे दाणे एकदा मोजले की स्वीडनच्या ३० फेब्रुवारीला हसणे मुलांना जड जाते.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्री सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. परक्या प्रवाशाने ती पाहिली तर तो मायदेशी पत्र लिहील की येथे लोक काठीचे लग्न लावतात! ते खोटे नाही. बाराव्या शतकातील या शिवयोग्याशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला संमती दिली, अशी कथा आहे. त्याच विवाहाचे स्मरण म्हणून उंच असे सात नंदीध्वज साज चढवून मिरविले जातात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. आदल्या दिवशी शहरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो; त्यास ‘यण्णीमज्जन’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ शिक्षकाने सांगू नये. कानडी घरातील मुलाला उभे करून विचारावे. यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान, हे ते मूल सहज सांगते. ज्याचे मराठी अडखळते म्हणून वर्ग हसत होता, त्याच्याकडूनच वर्ग शिकतो. या एका प्रसंगासाठी सबंध पाठ खर्ची पडला तरी हरकत नाही.

पण ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच गोड निघत नाही, हेही वरच्या वर्गांना कळावयास हवे. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-मिठाई शनिवारीच देण्याची चाल आहे. दिसावयास ती मोठी गोजिरवाणी दिसते. तिचे मूळ मात्र लुंड शहरातील विपेहोल्म नावाच्या संस्थेत आहे. मनाने अपंग असलेल्या रुग्णांची ही संस्था होती. १९४७ पासून तेथील रुग्णांना शासकीय प्रयोगासाठी दातांना चिकटणारी मिठाई मुद्दाम खाऊ घालण्यात आली. अनेकांचे दात किडून गेले. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली यावर दातांची कीड अधिक अवलंबून असते, हा निष्कर्ष निघाला आणि आठवड्यातून एकदाच गोड द्यावे हा सल्ला रूढ झाला. सल्ला उपयुक्त आहे. तो कोणाच्या दातांवर उभा आहे हे सातवीच्या मुलांना सांगण्यास हरकत नसावी. चौथीत न सांगितलेले बरे.

म्हणून नवलाच्या प्रत्येक चालीला दुसराही एक प्रश्न विचारावा : ती ज्याच्यावर घडते त्याला ‘नको’ म्हणता येते काय? काठीच्या लग्नाने कोणाला इजा होत नाही. परंतु दक्षिण सोलापूर तालुक्यातीलच मुस्ती येथील दर्ग्यात आणि सीमेपलीकडे इंडीजवळच्या शांतेश्वर मंदिरात तान्ही मुले उंचावरून खाली धरलेल्या चादरीत सोडली जात असल्याची वृत्ते २००८–०९ च्या सुमारास जगभर गेली. दोन्ही ठिकाणी श्रद्धा आहे, नवसही आहेत, आणि आईबापांचा हेतू मुलाच्या कल्याणाचाच असतो. त्यांची टवाळी शिक्षकाने कदापि करू नये; त्यांची मुले समोरच बसलेली असण्याचा संभव आहे. प्रश्न तेवढा विचारावा. तान्ह्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही, हे मुले स्वतःच सांगतात.

या प्रश्नाला जोडून स्वीडनचे आणखी एक नवल सांगता येईल. १९७९ साली त्या देशाने मुलांना मारण्यास कायद्याने संपूर्ण बंदी केली. शाळेतच नव्हे, तर घरी आईबापांनाही. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश. स्वतःच्या लेकराला चापट मारणेही गैर ठरावे, याचे तेव्हा इतर देशांना नवल वाटले, काहींनी थट्टाही केली. कायदा घरोघरी कळावा म्हणून त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापण्यात आली होती. दूध रोज सकाळी आईबाप आणि मुले एकत्र बसतात त्या मेजावर येते, हा त्यातील विचार. वळसंगमध्ये अशी सूचना कोठे लावली असता सर्वांच्या दृष्टीस पडेल, हे मुलांना विचारून पाहावे. पाणवठा, पिठाची गिरणी, एस. टी. चा थांबा, अशी उत्तरे भराभर येतील.

मग फळ्यावर लिहावे की भारतातही २००९ चा बालकांचा शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला असून त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. हे वाक्य मुलांकडून सोप्या मराठीत वदवून घ्यावे, आणि नंतर यण्णीमज्जनाचा अर्थ सांगणाऱ्या मुलाकडून तेच सर्व वर्गाला कानडीत म्हणवून घ्यावे.