द्वाराची निवड

मोठ्या संगणक-प्रणालीची उभारणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात सर्व कामे एकाच विशाल आज्ञावलीत सामावलेली असतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक काम एका लहान, स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविलेले असते. एक हिशेब ठेवते, दुसरी साठा पाहते, तिसरी पैसे स्वीकारते. यांनाच सूक्ष्मसेवा म्हणतात. एक सेवा बदलताना इतरांना हात लावावा लागत नाही, हा या रचनेचा मोठा लाभ होय. परंतु सेवांची संख्या वाढली की बाहेरून येणाऱ्याने कोणत्या दाराशी जावे, हा प्रश्न उद्भवतो. म्हणून सर्वांपुढे एक महाद्वार उभारले जाते. त्याचे नाव एपीआय गेटवे.

या द्वाराची मुख्य कामे चार : येणाऱ्याचा परवाना तपासणे, त्याची विनंती योग्य सेवेकडे पोचविणे, गर्दी मर्यादेत ठेवणे आणि ये-जा नोंदवणे. काँग किंवा एन्व्हॉय यांसारखी मुक्त आज्ञावली घेऊन ते स्वतः चालविता येते, किंवा मेघसेवा देणाऱ्या कंपनीकडून भाड्याने घेता येते. पहिल्या मार्गात देखभालीसाठी जाणती माणसे लागतात. दुसऱ्यात प्रत्येक विनंतीमागे मोल द्यावे लागते आणि पुढे कंपनी बदलणे जड जाते. अधिक गुणांची यादी म्हणजे अधिक चांगले द्वार, असा समज मात्र फसवा आहे.

याचे एक उद्‌बोधक उदाहरण आधार योजनेत सापडते. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. योजनेचे तंत्रज्ञान केंद्र मात्र बंगळुरात आहे. ओळख पडताळू इच्छिणारे खाते वा बँक मध्यवर्ती भांडाराशी थेट बोलू शकत नाही. तिची विनंती एका मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेमार्फत, सुरक्षित वाहिनीवरून जाते. मध्यस्थ संस्था विनंती पूर्ण व नियमानुसार आहे की नाही हे पाहते आणि पुढे धाडते. बोटाच्या ठशाची माहिती मात्र आधीच सांकेतिक रूपात बंद झालेली असल्यामुळे तिला ती वाचता येत नाही. भांडाराकडून पडताळणीचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच येते.

सूक्ष्मसेवांचे द्वार निवडणाऱ्यास यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, द्वाराला जेवढे कळणे आवश्यक आहे तेवढेच कळावे. व्यवहाराचे नियम द्वारात भरू लागले की प्रत्येक सेवेतील बदलासाठी द्वार उघडून दुरुस्त करावे लागते, आणि सूक्ष्मसेवांचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. दुसरा धडा असा की, सर्व भिस्त एकाच द्वारावर नसावी. आधारच्या व्यवस्थेत खात्याला एकाहून अधिक मध्यस्थ संस्थांशी करार करता येतो, तो याचसाठी. एक सूक्ष्मसेवा थांबली तर एक काम अडते. द्वार थांबले तर सर्व सेवा सुस्थितीत असूनही संपूर्ण घर बंद होते. म्हणून निवडीपूर्वी आपल्या प्रत्यक्ष गर्दीएवढा भार घालून द्वाराची परीक्षा घ्यावी, आणि ते मुद्दाम बंद पाडूनही पाहावे.

कारण बंद द्वाराची किंमत अभियंत्याला क्वचितच मोजावी लागते. रास्त भावाच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवून उभ्या असलेल्या स्त्रीला 'नाही' हे उत्तर आणि मुळीच न आलेले उत्तर यांतील भेद कळत नाही. दोन्ही वेळा पिशवी रिकामीच राहते. आधारविषयक २०१६ च्या नियमांनी पडताळणी करणाऱ्यांवर पर्यायी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी टाकली, तिचे मर्म हेच. द्वार निवडताना ते किती वेगाने उघडते हे पाहावेच. पण ते न उघडल्यास बाहेर उभ्या असलेल्याचे काय होईल, याचे उत्तर आधी तयार असावे.