खाणीतील बचावाचा सराव
मध्य प्रदेशातील बालाघाटजवळ भरवेली येथे मँगेनीजची खोल भूमिगत खाण आहे. अशा खाणीत मिथेनची भीती सहसा नसते. पण आग लागल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणूनच सोबत्यासाठी नुसता धावत गेलेला मनुष्य स्वतःच कोसळतो. १९८५ च्या खाण बचाव नियमांत प्रशिक्षित पथकांची तरतूद झाली. घंटा वाजताच हसत मैदानात जमण्याची आमची कॉलेजातील कवायत यापुढे पोरखेळच! पाठीवर प्राणवायूचे नळकांडे घेऊन धुरात ओझे वाहिले, की श्वास वाढतो व साठा भराभर सरतो. परतीपुरता प्राणवायू उरला, की पुढे माणूस अडकलेला असला तरी पथकाने मागे फिरायचे. मला हाच धडा सर्वांत कठीण वाटतो.