अपलोड होत नसेल तर

नाशिक

चि. बाळ,

शेतकऱ्यांसाठीच्या तुमच्या अ‍ॅपमधल्या बगची यादी वाढते आहे आणि वरून नव्या फीचरचा तगादा आहे, तेव्हा आधी हात कशाला घालायचा, असं तू विचारलंस. माझं मत ठाम आहे. ज्या बगमुळे माणसाचं हाती घेतलेलं काम तडीस जात नाही, तो निघेपर्यंत नवीन काही जोडू नये. बाकीचे बग थांबले तरी चालतील.

ई-पीक पाहणी अ‍ॅपचंच बघ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातला शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पेरा नोंदवू लागला. निफाडमधल्या आपल्या वावरात उभं राहून त्याने गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती अपलोड करायची. शेवटी अपलोडचं चक्र फिरतच राहिलं, तर आधीचं सगळं केलं न केल्यासारखंच. पेरा लागला नाही की नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, पीककर्ज, सगळीकडे अडवणूक. मुदत संपत आली की सर्व्हर चालत नसल्याची ओरड आणि मागाहून मुदतवाढ, हे आपण एकापेक्षा जास्त हंगामांत पाहिलं. मुदतवाढीने तारीख पुढे जाते. पण वावरातल्या वाया गेलेल्या फेऱ्यांचा हिशेब कोणत्याच कंपनीच्या वहीत लागत नाही. नवं फीचर मीटिंगमध्ये दाखवता येतं, न अडकलेला शेतकरी दाखवता येत नाही. दुरुस्ती मागे पडते ती यामुळे, आणि म्हणून तिची बाजू तुलाच लावून धरावी लागेल.

तू म्हणशील, अशाने अ‍ॅप जागच्या जागी राहील. पण नवं ते सगळं एका मापाचं नसतं. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या आवृत्तीत आपली नोंद ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करण्याची सोय आली. नावाला हे फीचर, गुणाने दुरुस्तीच. त्याच वेळी आलेल्या जिओ फेन्सिंगचा हेतू रास्त, कारण फोटो त्याच गटातला असायला हवा. मात्र त्याने फोनच्या लोकेशनवर विसंबणारी आणखी एक पायरी वाढली. अशी पायरी वाढवण्याआधी साध्या, जुन्या फोनवर आणि कमी रेंजमध्ये ती तपासायलाच हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुरुस्तीनेही बिघाड होतो. खरं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ते तर मोठं फीचरही नव्हतं, नेहमीची फाइल होती. यावरून दुरुस्ती टाळावी असं ठरत नाही. ती आधी थोड्या फोनवर सोडावी, दोन दिवस बघावं आणि मग सगळ्यांना द्यावी, एवढंच ठरतं.

लिनक्स कर्नलवाल्यांनी तर वेळेचीच वाटणी करून टाकली आहे. नवीन भर घालायला साधारण दोन आठवडे, त्यानंतरचे सहा-सात आठवडे मुख्यतः दुरुस्तीचे. तरी कर्नल वाढायचा थांबलेला नाही. तुमच्याकडे ही वाटणी हंगामावर बेता. ऑगस्टमध्ये खरिपाची नोंदणी असते, म्हणून जूननंतर नवं काही घेऊ नका, आणि हे साहेबांकडून आत्ताच लेखी घे. जुलैत कोणी ऐकणार नाही.

तुझा मामा