जामच्या चौकात न संपलेलं महायुद्ध

नागपूरहून येणारा महामार्ग जामला फुटतो. एक रस्ता हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. इथल्या टपऱ्यांवर सारा देश चहा प्यायला थांबतो, आणि गावातली माणसं त्याच बाकांवर बसून दुसऱ्या महायुद्धावर भांडतात. दूरच्या माणसाला नवल वाटतं. पण सेवाग्राम इथून तासाभरावर आहे, आणि त्या युद्धात हिंदुस्थानाने काय करावं हा प्रश्न ज्या बैठकांत सर्वांत जास्त चघळला गेला, त्यांतल्या कितीतरी वर्ध्यालाच झाल्या. ऐन लढाईत इंग्रजांना ‘चले जाव’ म्हणणं बरोबर होतं का? जे इंग्रजांच्या फौजेत गेले त्यांना काय म्हणायचं? हे आमच्याकडे अजून मिटलेलं नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि हा वाद वर्गापेक्षा चौकात जास्त ऐकला. त्यातून हाती लागलेलं लिहून ठेवतो.

१. आधी तारीख विचारावी.

“सर, जपान दारात उभा होता ना जी! ऐन वेळी गांधींनी इंग्रजाले आडवं जायाले नोको होतं,” असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या तारखेचं बोलताय? कारण ‘काँग्रेसची भूमिका’ अशी एक वस्तू त्या सहा वर्षांत नव्हतीच.

३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. ना कायदेमंडळाला विचारलं, ना कोणत्या पक्षाला. त्यानंतर वर्ध्यात काँग्रेसची कार्यकारिणी बसली. गांधींचं म्हणणं होतं की इंग्रजांना पाठिंबा द्यायचा तर नैतिक द्यावा, अट न घालता द्यावा. त्यात ते एकटे पडले. १४ सप्टेंबरचं निवेदन नेहरूंनी लिहिलं आणि त्यात सरकारला सवाल केला: लोकशाहीसाठी लढताय म्हणता, मग ती आमच्या वाट्याला येणार की नाही? समाधानकारक उत्तर आलं नाही, आणि प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली.

जून १९४०मध्ये फ्रान्स पडला. पुन्हा वर्धा, पुन्हा कार्यकारिणी. या वेळी तिने गांधींना सांगितलं की देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत तुमच्या अहिंसेबरोबर आम्ही शेवटपर्यंत येऊ शकत नाही. पुढच्याच महिन्यात पुण्यात काँग्रेसने राष्ट्रीय सरकारच्या बदल्यात युद्धाला मदत देऊ केली. म्हणजे ज्या काँग्रेसवर ‘युद्धात आडवी आली’ असा ठपका येतो, तिनेच गांधींना बाजूला ठेवून हात पुढे केला होता. तो हात झिडकारला गेल्यावर १७ ऑक्टोबर १९४०ला पवनारला विनोबा युद्धविरोधी भाषणाला उभे राहिले, पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून.

आणि १४ जुलै १९४२चा वर्ध्याचा ठराव? इंग्रजांनी सत्ता सोडावी असं तो म्हणतो हे सगळ्यांना पाठ आहे. पण जपानला रोखण्यासाठी दोस्तांच्या फौजा हिंदुस्थानात राहायला हरकत नाही, हेही त्याच ठरावात आहे. त्याच्या महिनाभर आधी लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामच्या उन्हाळ्यात आठवडाभर मुक्कामाला होता. इंग्रज गेले आणि फौजाही गेल्या तर जपानला वाट मोकळी होईल, हे त्याने गांधींपुढे पुन्हा पुन्हा मांडलं होतं. जे आपण आज मोठ्या आवेशाने ‘गांधींना सुचलंच नाही’ म्हणून सांगतो, ते त्यांच्याच झोपडीत त्यांना तोंडावर विचारलं गेलं होतं आणि त्यांनी त्याचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर पटणं न पटणं वेगळं.

२. मत ऐकताना मागचं घर दिसलं पाहिजे.

माझे आजोबा बेचाळीसमध्ये तुरुंगात गेले. आईचे मामा त्याच वर्षी फौजेत भरती झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर रसदीच्या लॉऱ्या हाकत राहिले. लग्नकार्यात दोघे एका पंगतीला बसायचे. आजोबा त्यांना टोचून बोलायचे नाहीत, पण घरातले बाकीचे बोलायचे. “मंग तुम्ही लोकं कोनासाठी लढून राहिले होते?” हा प्रश्न मी मामाआजोबांना विचारलेला ऐकला आहे. ते पानावरून मान वर न करता म्हणाले, “घरी सहा तोंडं होती बापा.”

म्हणून कोणी तावातावाने बोलू लागला की मी पुराव्याच्या आधी त्याच्या घरी कोण होतं ते विचारतो. आवाज बहुतेक वेळा तिथून आलेला असतो. महामार्गावर असल्याने आम्हाला ही सोय आहे की परकी घरंही बाकावर येऊन बसतात. एका सरदारजी ड्रायव्हरचे आजोबा आझाद हिंद सेनेत होते आणि त्यांचे सख्खे भाऊ इंग्रजांच्या पलटणीत. १९४४च्या इंफाळ-कोहिमाच्या लढाईत दोन्ही बाजूंनी हिंदी शिपाई होते हे मी पुस्तकातून शिकवत असे. त्या माणसाने ते एका वाड्याच्या अंगणात आणून उभं केलं.

३. ‘देशद्रोही’ म्हणण्याआधी नागपूरचा जुलै आठवावा.

वर्ध्याचा ठराव १४ जुलैचा. १८ जुलै १९४२ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथला. बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मध्ये चार दिवस, आणि रेल्वेने अर्ध्या दिवसाचंही अंतर नाही.

बाबासाहेबांचा हिशेब वेगळा होता. नाझी आणि जपानी जिंकले तर असलेलं स्वातंत्र्यही जाईल असं त्यांचं मत होतं. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी केली आणि गरज सरताच ती मोडली. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, तेव्हा अनेक वस्त्यांना तो बंद दरवाजा उघडल्यासारखं झालं. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी त्या वेळी पहिल्यांदा बूट घातले. त्यांना सरसकट इंग्रजांचे चाकर म्हणणं मला अन्याय वाटतो, आणि मी तसं भर चौकात म्हणतो. हिंदू तरुणांनी फौजेत जावं असं सावरकरही सांगत होते, मानवेंद्रनाथ रॉय फॅसिझमविरुद्ध लढा म्हणत होते, आणि २२ जून १९४१ला हिटलर रशियावर चालून गेल्यानंतर काही महिन्यांतच कम्युनिस्टांसाठी हे युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. प्रत्येकाचं कारण निराळं. एकाच टोपलीत टाकलं की कोणाचंच कळत नाही.

४. फौजेतल्या मेलेल्यांची नावंही घ्यावीत.

युद्ध संपलं तेव्हा हिंदी सेना सुमारे २५ लाखांची होती. सक्तीची भरती नसलेली एवढी मोठी फौज जगाने पाहिली नव्हती. सुमारे ८७,००० हिंदी सैनिक मेले. कोहिमा, इंफाळ इथं त्यांची दफनभूमी आणि स्मारकं आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं दगडावर कोरली आहेत. आमच्या गावोगावच्या हुतात्मा स्तंभांवर ती नाहीत. स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्तंभावर ती कोरा, असं माझं म्हणणं नाही. पण पंधरा ऑगस्टला कोणी तरी ती मोठ्याने वाचावीत, शाळेच्या पटांगणात. तेवढं व्हायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

५. आपल्या बाजूचं रक्त झाकू नये.

हे सर्वांत अवघड. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. आमच्याच जिल्ह्यातलं आष्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातलं चिमूर एकाच दिवशी पेटलं. लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं पडली. जमावाच्या हातून पोलीस आणि अधिकारीही मारले गेले. मग चिमूरमध्ये फौज घुसली आणि तिथल्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भणसाळींनी ६३ दिवस उपास केला. आंदोलकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच पुढे जन्मठेपेवर आल्या.

आष्टीला आज आष्टी शहीद म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण ठाण्यात मेलेला शिपाई याच मातीतला होता. त्यालाही बायकोपोरं होती. हे बोललं की काही माणसं उठून जातात. जाऊ द्यावं, पण बोलणं सोडू नये.

६. १९४५चा निकाल हातात घेऊन १९४२चा न्याय करू नये.

त्या ऑगस्टमध्ये कोणालाच माहीत नव्हतं की जपान हरेल. सिंगापूर फेब्रुवारीत पडलं होतं, रंगून मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकीनाड्यावर बाँब पडले होते.

७. मुलांना उलटी बाजू द्यावी.

वर्गात मी हेच करत आलो. ज्याच्या घरी स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट आहे त्याने भरतीची बाजू मांडायची, ज्याचे पणजोबा पलटणीत होते त्याने वर्ध्याचा ठराव मांडायचा. पोरं आधी कुरकुरतात. मग घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारतात, जुन्या पेट्या उघडतात, पेन्शनचे कागद घेऊन येतात. एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, सगळ्यांचं एवढं पटत नव्हतं, तरी व्हाइसरॉयनं विचारलं का नाही याचा राग सगळ्यांनाच होता ना?” तिने माझं वर्षभराचं काम एका तासात केलं.

माझं स्वतःचं मत? वर्ध्याचा ठराव मला योग्य वाटतो. ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे नेते उचलल्यावर लोकांना वाऱ्यावर सोडलं गेलं, त्याचा दोष मी आधी सरकारला देतो आणि मग तयारी न ठेवणाऱ्या नेत्यांनाही. मामाआजोबांचा नातू हे मानत नाही. त्याच्या मते जपानला ज्यांनी अडवलं त्यांनीच स्वातंत्र्य वाचवलं, आणि लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्यानंतर फौजेवर भरवसा उरला नाही म्हणूनच इंग्रज गेले. दुसरा मुद्दा त्याच्या पहिल्याच्या मुळावर येतो असं मी त्याला सांगितलं आहे. तो म्हणतो येत नाही, आणि पुढच्या वेळी कागद घेऊन येतो म्हणाला आहे.