वाचकांचे प्रश्न : मूळचा सायलेन्सर कुठे आहे?

प्रश्न : माझे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. २०१६ मध्ये, धंदा बरा होता तेव्हा, मुंबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून २०११ ची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो एलपी ५६०-४ एक कोटी पाच लाखांना घेतली. गाडी पिवळी आहे, पॅडलने गिअर बदलणारी, ई-गिअरची. नोंदणी मुंबईची असून माझ्या स्वतःच्या नावावर आहे. मुलाला ती आता मॉडिफाय करायची आहे. रुंद बॉडीकिट, जांभळा मॅट रॅप, ईसीयू रिमॅप, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट आणि जमल्यास मॅन्युअल गिअरबॉक्स, असा त्याचा बेत आहे. गॅरेजवाल्याने २६ लाखांचा अंदाज दिला आहे. मुलाचं म्हणणं, अशी गाडी चारचौघांत वेगळी दिसते आणि लागलीच तर विकताना किंमतही जास्त येते. मेहुणे म्हणतात, कंपनीतून आली तशीच ठेवा. कोणाचं बरोबर? आरटीओचा त्रास होईल का? आणि लागलीच तर या गाडीवर कर्ज मिळेल का? गाडीचे फोटो आणि विम्याची पॉलिसी सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मेहुण्यांचं बरोबर आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, पण तुमची काळजी वेगळीच आहे असं मला वाटतं. पत्रात ‘लागलीच तर’ दोनदा आलंय आणि कर्जाची चौकशी अगदी शेवटी, हळूच. यंत्रमागाचे दिवस कसे चाललेत ते मलाही दिसतं. एक-दोन वर्षांत ही गाडी विकावी लागेल अशी पाल तुमच्या मनात चुकचुकतेय आणि घरात ते अजून बोललेला नाहीत. मी चुकत असेन तर उत्तमच. पण पुढचं सगळं हे गृहीत धरूनच लिहितोय.

कर्जाचं आधी उरकतो. पंधरा वर्षं जुन्या सुपरकारकडे बँक तारण म्हणून पाहत नाही. जे पाहतात, त्यांच्या दारात जाऊ नका.

आता मॉडिफिकेशन. २००३ ते २०१३ या काळात १४,०२२ गॅलार्डो बनल्या. लॅम्बोर्गिनीच्या हिशेबाने हा आकडा मोठा आहे, म्हणजे तुमची गाडी दुर्मीळ नाही, तिला चौदा हजार भावंडं आहेत. अशा गाडीत एकीला दुसरीपेक्षा जास्त पैसे मिळतात ते तिची अवस्था आणि तिचा इतिहास पाहून. पत्रा कापून चिकटवलेलं बॉडीकिट तिला वेगळं करतं खरं, पण घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की याच्याखाली कुठला अपघात झाकलाय? त्यातून हौशी माणसाला स्वतःची हौस करायची असते, तुमच्या मुलाची विकत घ्यायची नसते. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी जुन्या पोर्शे ९११ पार बदलून मूळ गाडीच्या कितीतरी पट किमतीला देते, हे उदाहरण चिरंजीवांनी तुम्हाला दाखवलं असेलच. तिथे लोक सिंगर या नावाला पैसे देतात. तुमच्या गॅरेजवाल्याच्या नावाला कोणी देणार नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्सची कल्पना कुठून आली तेही माहीत आहे. परदेशात मॅन्युअल गॅलार्डोला ई-गिअरपेक्षा चांगलाच जास्त भाव मिळतो आणि ई-गिअर म्हणजे मुळात त्याच गिअरबॉक्सवर बसवलेली हायड्रॉलिक यंत्रणा, त्यामुळे बदल जमतो. जमला तरी तो वेडेपणाच. भाव मिळतो तो कारखान्यातून मॅन्युअल म्हणून निघालेल्या गाडीला आणि तुमची गाडी कारखान्याच्या दप्तरी कायम ई-गिअरच राहणार. तिकडच्या लिलावांचे आकडेही पाहत बसू नका. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे सहजी आयात होत नाही, त्यामुळे त्यांचा बाजार वेगळा आणि आपला वेगळा. आपल्याकडे असली गाडी घेणारे मोजके आणि एकमेकांना ओळखणारे असतात. एकाने नाक मुरडलं की ते दहाजणांना कळतं.

‘पुढे ती व्हिंटेज होईल’ असंही घरात कोणी म्हणत असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात लागतं. म्हणजे २०६१ नंतर, आणि बॉडीकिट न लावता.

आरटीओबद्दल विचारलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग आरसीवर लिहिलेला असतो, तेव्हा पिवळ्याचं जांभळं केलंत तर तेही कळवावं लागतं. पाच हजारांना कोण भितो, असं चिरंजीव म्हणतील आणि तेवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. दंड भरून कोणी देशोधडीला लागलेलं मी पाहिलं नाही. माणसं बुडतात ती दुसऱ्याच कागदामुळे. तो कागद तुम्ही पत्रासोबत जोडलाय, पण त्याबद्दल एक शब्दही विचारलेला नाही.

तुमच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ३२ लाख आहे. गाडी तुम्ही एक कोटी पाच लाखांची धरून चाललाय. उद्या ती जळाली किंवा चोरीला गेली, तर जास्तीत जास्त ३२ लाख हाती येतील. तुम्ही किती मोजले होते, बाजारात काय भाव चाललाय, याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. हा आकडा कसा आला, तेही सांगतो. एजंटने दरवर्षी थोडा खाली आणला, हप्ता कमी झाला, तुम्हाला बरं वाटलं. जवळपास प्रत्येक महागड्या गाडीच्या फाइलमध्ये मला हेच दिसतं.

पण निम्मी माणसं इथेच थांबतात आणि म्हणतात, गाडी कशाला जळतेय! म्हणून पुढचं नीट वाचा. दुरुस्तीचा मंजूर होणारा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की पॉलिसीच्या अटीनुसार ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ ठरते. मग गाडी दुरुस्त होऊ शकते की नाही हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या बाबतीत ही रेघ २४ लाखांवर आहे. साध्या गाडीला २४ लाखांची दुरुस्ती म्हणजे चक्काचूर. सुपरकारचं तसं नसतं. पुढचे दिवे, बंपर, बॉनेट, रेडिएटर, एअरबॅग, सगळं इटलीहून यायचं.

साताऱ्याच्या बाजूची एक फाइल सांगतो. सहा वर्षांची जर्मन स्पोर्ट्स कार, बाजारभाव साठीच्या घरात. मालक हिशेबी, त्यामुळे हप्ता वाचवायला आयडीव्ही २८ लाखांवर आणलेला. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, समोर बिनदिव्याची ट्रॉली. ब्रेक लागला, तरी पुढचा भाग ट्रॉलीखाली गेला. कोणाला खरचटलंही नाही. इंजिन मागे, त्यालाही काही नाही. गृहस्थ मला म्हणाले, ‘नाक फुटलंय फक्त, दोन महिन्यांत उभी करतो.’ सर्व्हेअरचा अंदाज आला साडेबावीस लाखांचा. ७५ टक्क्यांची रेघ होती २१ लाखांवर. कंपनीने टोटल लॉस जाहीर केला. २८ लाख घ्या आणि गाडी सोडा, नाहीतर भंगाराची किंमत वजा करून उरलेले घ्या आणि गाडी ठेवा. त्यातही, गाडी खाली बसवलेली, रिमॅप केलेली आणि कंपनीला यातलं काहीच कळवलेलं नाही, हे सर्व्हेअरने टिपून ठेवलं होतं. त्या मुद्द्यावर आणखी कापाकापी झाली आणि ते भांडण दोन वर्षं चाललं. गाडी गेली एका व्यापाऱ्याकडे. त्याने ती दुरुस्त करून चांगल्या भावाला विकली. हप्त्यात पाच वर्षांत वाचले होते दीड-दोन लाख.

धक्का लहान असला, टोटल लॉस झाला नाही, तरी सुटका नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, एअरबॅगवरही ५० टक्के. झीरो डेप्रिसिएशनचं जोडपत्र या वयाच्या गाडीला सहसा कोणी देत नाही. म्हणजे थोडं लागलं तर निम्मं तुमच्या खिशातून आणि जास्त लागलं तर गाडीच हातची जाणार. या हिशेबात आणखी २६ लाखांचं सामान तुम्ही चढवायला निघालाय, जे पॉलिसीवर लिहिलेलं नाही, म्हणून ज्याचा एक रुपयाही परत येणार नाही, आणि वर कंपनीला बोट ठेवायला जागा देईल.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण फोटोत दिसते. मागचे पाइप कारखान्यातले नाहीत. एक्झॉस्ट बदलून झालाय, बरोबर? म्हणजे कंपनीला न कळवता केलेला पहिला बदल घेऊनच गाडी आज रस्त्यावर फिरतेय. नव्या एक्झॉस्टजवळ कुठे वायर वितळली आणि गाडीने पेट घेतला, तर सर्व्हेअरचा पहिला प्रश्न काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

पाच वर्षांपुढच्या गाडीचा आयडीव्ही कोष्टकावरून ठरत नाही, तो तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचा असतो. हे एजंट आपणहून सांगत नाही. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी चांगल्या मूल्यनिर्धारकाकडून अहवाल घ्या. फोटो, किलोमीटर, सर्व्हिसच्या नोंदी जोडा आणि खऱ्या भावाच्या जवळचा आकडा लेखी मागा. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे जा. हप्ता वाढेल, तो भरा. तो परवडत नसेल तर गाडीच परवडत नाही, आणि हे लवकर कळलेलं बरं.

दुसरी तारीख आरसीवरची. पॉलिसीवर दिसते ती नोव्हेंबर २०११ ची नोंदणी, म्हणजे यंदा नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. आयात केलेल्या चारचाकीला त्याची फी ४० हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. त्या वेळी निरीक्षक चासी नंबर, इंजिन नंबर, रंग आरसीशी ताडून पाहतो. रुंद बॉडीकिट लावलेली जांभळी गाडी त्याच्यापुढे उभी करायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. आणि ‘नोव्हेंबर गेला तर जाऊ दे, डिसेंबरात करू’ असं तर मुळीच करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं, त्यात पॉलिसी चालू होती, पण तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली. गाडी चोरीला गेली आणि दावा फेटाळला गेला. नोंदणी नसलेल्या एका महिन्यात तुमचा बत्तीस लाखांचा कागदही रद्दी होऊ शकतो.

विकायची वेळ आलीच, तर जाणकार गिऱ्हाईक आधी बिल ऑफ एंट्री मागेल, म्हणजे गाडी देशात आली तेव्हाचा सीमाशुल्काचा कागद. २०१६ मध्ये तो तुम्ही मागून घेतला होता का? सचिन तेंडुलकरच्या फेरारी ३६० मोडेनाचं आठवत असेल. आयातशुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. त्याच्या मागे फियाट उभी होती. तुमच्या मागे मुंबईचे ते गृहस्थ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्या सीमाशुल्क विभागाने उचलल्या, तेव्हापासून गिऱ्हाईक जास्तच सावध झालंय. कागद नसेल तर त्या गृहस्थांना आत्ताच फोन करा, अजून ते ओळख देताहेत तोवर.

गाडी स्वतःच्या नावावर ठेवलीत, हे मात्र चांगलं केलंत. घरच्या वापराची मोटार भांडवली मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे फायदा झाला तर त्यावर कर नाही आणि तोटा झाला तर तो कशातून वजाही होत नाही. फर्मच्या नावावर घेऊन घसारा लावला असतात, तर विक्रीच्या वेळी वेगळंच गणित मांडावं लागलं असतं. सीएला विचारून खात्री करा.

पोराचा अगदीच हिरमोड करू नका. पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म लावू द्या, पैसे वाया जात नाहीत आणि काढली की खालचा पिवळा रंग तसाच मिळतो. मूळ मापाचे नवे टायर घेऊ द्या. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा आणि वायरी उंदरांपासून सांभाळा, यंत्रमागाच्या शेडमध्ये ठेवत असाल तर विशेष. आणि त्याला ही पॉलिसी वाचायला द्या. नाहीतरी गाडी तोच चालवतो.

पण त्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. गॅरेजवाल्याने काढलेला मूळचा सायलेन्सर कुठे आहे, ते विचारा. ‘मोडीत घेतो, नव्याच्या बिलातून वजा करतो’ असं तो म्हणाला असेल, तर ताबडतोब गाडी काढा आणि तिथे जा. मिळाला तर लगेच परत बसवून घ्या आणि बसवल्याची पावती फाइलला लावा. नसेल मिळत, तर त्याने तो कोणाला विकला त्याचं नाव घेतल्याशिवाय तिथून उठू नका.