पुडीवरची तारीख

तीस वर्षं पापड-लोणच्यांचा घरगुती धंदा केला. पिठाचा कण जिभेवर ठेवून मीठ-पापडखार जमलाय की नाही ते सांगायचे. जेवताना मात्र त्याच जिभेला सगळं अळणी लागायचं आणि हात मिठाच्या वाटीकडे जायचा. सहा वर्षांपूर्वी बीपी १६०/१०० निघालं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. गोळी महिनाभर घेतली नि सोडली.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर निघाले आणि दुसऱ्या जिन्यावरच धाप लागली. इको केला. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी पडद्यावरच्या करड्या, हलत्या पट्टीच्या दोन कडांवर दोन फुल्या ठेवल्या. १४ मिलिमीटर. बायकांत हृदयाची ही भिंत साधारण ९ पर्यंत असते. “पंपिंग चांगलं आहे काकू, पण हृदय सैल पडत नाहीये.”

जास्त मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, दाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, ओझी वाहणाऱ्याच्या दंडासारखी. त्यामुळे वर्षानुवर्षं निभावून जातं. पण जाड भिंत ताठर होते, दोन ठोक्यांच्या मध्ये पुरेशी सैलावत नाही. रक्त आत यायला अडतं, दाब मागे फुफ्फुसांवर येतो. ‘मला काहीच होत नाही’ असं मी म्हणत होते, ती सगळी वर्षं माझं हृदय हे सोसत होतं. आठवलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून कळकळीने सांगते, त्रास नाही म्हणून गोळी सोडू नका आणि मीठ मोजा. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पुडी ५० दिवस तरी पुरायला हवी. आमची २४ दिवसांत संपायची, लोणचं, पापड, फरसाण वेगळंच. सैंधवाने सुटका नाही, त्यातही सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पहिले तीन आठवडे आमटी घशाखाली उतरेना. लिंबू, कोकम, जिऱ्याची फोडणी यांवर निभावलं. दीड महिन्यात जीभ वळली. गोळी आणि कमी मीठ, दोन्ही नेटाने पाळल्यावर सव्वा वर्षाने भिंत १२ वर आली. पापड अजून लाटते, चव सून बघते. पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालते. आताच्या पुडीला आज ५३ दिवस झाले, तळाशी अजून दोन मुठी मीठ आहे.